नवीन काही शिकताना अपयशाची भीती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळा-कॉलेज मागे पडल्यावर स्वतःहून काही शिकायला घेणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत. पोहणं, परभाषा, एखादं वाद्य, गाडी चालवणं, प्रोग्रॅमिंग, काहीही असो. गाडं अडतं ते साधारण याच ठिकाणांवर.

## अपयशाची भीती म्हणजे नक्की कशाची भीती?

निव्वळ चुकीला घाबरणारी माणसं थोडी. दार लावून एकट्याने बेसूर गाताना कुणाच्या पोटात गोळा येत नाही. गोळा येतो तो त्या चुकीमागोमाग जे येईल असं वाटतं, त्याने. डेव्हिड कॉनरॉय या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने २००२ मध्ये ही भीती मोजायची एक प्रश्नावली मांडली. तिच्यात हे ‘मागोमाग येणारं’ पाच प्रकारचं आहे: चारचौघांत लाज वाटेल, आपण आपल्याच नजरेतून उतरू, पुढचं सगळं अधांतरी होईल, ज्यांना आपण मानतो ते आपल्याला मोजेनासे होतील, किंवा ते नाराज होतील.

कागद घ्या आणि यातलं आपलं कोणतं ते शोधा. ते कळल्याशिवाय मिळालेला कोणताही सल्ला मोघमच राहतो. लाजेची भीती असणाऱ्याला कुणी बघत नाही अशी जागा मिळाली की निम्मं काम होतं. आईवडील किंवा जोडीदार नाराज होतील ही भीती असेल तर एकांतातल्या सरावाने ती हलत नाही. तिथे त्या माणसाशी एकदा बोलावंच लागतं. ‘मला हे जमायला वेळ लागेल, रोज विचारू नका’ एवढं सांगितलं तरी पुरतं.

पुढची बहुतेक उत्तरं एकाच मुद्द्याभोवती फिरतात: भीती घालवायच्या मागे लागू नका, चुकीची किंमत कमी करा.

## लहान मुलं बिनधास्त शिकतात. मोठेपणीच असं का होतं?

मुलांच्या चुका फुकट असतात म्हणून. कॅरेन अडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये चालायला शिकणाऱ्या मुलांचं निरीक्षण करून २०१२ मध्ये आकडे दिले. १२ ते १९ महिन्यांची मुलं मोकळी खेळताना तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकतात आणि १७ वेळा पडतात. तासाला सतरा! मोठं माणूस तिसऱ्यांदा पडलं की ‘आपलं हे काम नाही’ म्हणून बाजूला जाऊन बसेल. मूल पडतं तेव्हा मात्र कुणी त्याच्या नावापुढे काही लिहून ठेवत नाही. उलट बघणारे टाळ्या वाजवतात.

मोठ्यांच्या बाबतीत दोन गोष्टी बदललेल्या असतात. एक म्हणजे आपण कशात तरी तरबेज झालेले असतो. कामाच्या ठिकाणी ज्याला विचारल्याशिवाय पान हलत नाही, त्याला परभाषेच्या वर्गात स्वतःचं नाव-गाव धड सांगता येत नाही, तेव्हा ते फार लागतं. एका क्षेत्रात जितका मान मोठा, तितकं दुसऱ्या क्षेत्रात नवशिकं होणं जड. वरिष्ठ पदावरची माणसं नवं सॉफ्टवेअर शिकायचं टाळून ते काम हाताखालच्यांकडे ढकलतात, त्यामागे वेळेच्या टंचाईपेक्षा हेच जास्त असतं असं माझं मत आहे.

दुसरी गोष्ट शाळेची. तिथे वर्षानुवर्षं प्रत्येक चुकीवर लाल शाई फिरलेली असते, सराव कुठे संपतो आणि परीक्षा कुठे सुरू होते हे कळत नाही, आणि ती सवय पुढे सुटत नाही. घरी एकट्याने सराव करतानाही आपण मनातल्या मनात स्वतःला गुण देत बसतो.

## भीती गेली की सुरुवात करीन. हे बरोबर ना?

नाही. भीती आधी जात नाही. भीड चेपते ती करता करता. टाळलं की तेवढ्यापुरतं हायसं वाटतं, आणि ते हायसं वाटणंच टाळण्याची सवय पक्की करतं. मानसोपचारात भीतीवरचे जे उपाय भरवशाचे ठरले आहेत त्यांच्या मुळाशी टप्प्याटप्प्याने सामोरं जाणं हेच आहे.

टप्प्याटप्प्याने, हे महत्त्वाचं. ‘पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही’ याचा अर्थ काही उत्साही मंडळी खोल पाण्यात ढकलून देणं असा घेतात. असं ढकललं गेल्यामुळे पुढे कधी पाण्याजवळही न फिरकलेली माणसं तुमच्याही ओळखीत असतील.

पायऱ्या करा. परभाषा बोलायची असेल तर आधी एकट्याने मोठ्याने वाचणं. मग स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐकणं (हे बहुतेकांना नकोसं होतं, तरी करावं). मग विश्वासातल्या एकाच माणसाशी दोन वाक्यं. मग अनोळखी माणसाला एक प्रश्न. प्रत्येक पायरीवर धडधड निम्म्यावर येईपर्यंत थांबा आणि पुढे सरका. ती पूर्ण थांबायची वाट पाहिलीत तर त्याच पायरीवर वर्ष जाईल.

## मी व्हिडिओ पाहतो, पुस्तकं घेतो, साहित्य आणतो, पण प्रत्यक्ष सुरुवात होत नाही. हा आळस आहे का?

बहुतेक वेळा नाही. आळशी माणूस इतकी तयारी करतच नाही. तयारीत चुकायला जागा नसते, म्हणून मन तिथे रमतं. एकदा का हात घातला की आपण नक्की किती पाण्यात आहोत ते कळणार, आणि तेच कळायला नको असतं.

याच्या पुढचा एक प्रकार जास्त चकवा देणारा आहे. एडवर्ड जोन्स आणि स्टीव्हन बर्ग्लास यांनी १९७८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना न सुटण्यासारखे प्रश्न दिले आणि तरीही ‘उत्तम सोडवलेत’ असं सांगितलं. आपण कशामुळे यशस्वी झालो हे त्यांना कळेना. पुढच्या चाचणीआधी दोन औषधांतून एक निवडायचं होतं: एक बुद्धी तल्लख करणारं, दुसरं मंद करणारं, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. या गटातल्या पुरुष विद्यार्थ्यांचा कल मंद करणाऱ्या औषधाकडे झुकला. म्हणजे पुढे पडलो तर दोष औषधाचा, आणि तरलो तर औषध घेऊनही तरलो! नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण आपल्याला नाचून झाल्यावरची म्हणून माहीत आहे. इथे नाचायच्या आधीच अंगण वाकडं करून ठेवलेलं असतं.

आपण हे करतो का, हे ओळखायच्या खुणा साध्या आहेत. वर्गात शिरता शिरता ‘माझी अजिबात तयारी नाही हं’ असं जाहीर करणं. सादरीकरणाच्या आदल्या रात्री नेमकं जागरण. साधनाबद्दल कायमची कुरकुर: चांगली गिटार मिळाली की बघू, नवा लॅपटॉप आला की सुरू करू.

यावर मला एकच गोष्ट चालताना दिसली आहे: पहिला प्रयत्न वाईट करायचा, आणि तो वाईटच असणार हे आधी ठरवून करायचा. चित्र काढायचं तर वेडंवाकडं, प्रोग्रॅम लिहायचा तर दहा ओळींचा आणि कुरूप. त्यासाठी वेळ आणि जागा नेमकी ठरवा. ‘या आठवड्यात कधीतरी’ नको; ‘रात्री मागचं आवरून झालं की त्याच खुर्चीत बसून पाच मिनिटं’ असं काहीतरी. कधी, कुठे आणि काय हे आधीच ठरवून ठेवलेला बेत नुसत्या निश्चयापेक्षा जास्त वेळा पार पडतो, हे पीटर गॉल्विट्झर यांच्या संशोधनानंतर अनेकांनी तपासलं आहे.

## सुरुवातीला सोपं घ्यावं की अवघड?

मधलं. अपयशाला घाबरणाऱ्यांना नेमकं हेच नको असतं. जॉन ॲटकिन्सन यांनी १९५७ मध्ये असं मांडलं की ज्यांच्यात यशाच्या ओढीपेक्षा अपयशाची धास्ती जास्त असते ते टोकाची कामं निवडतात. १९६० मध्ये त्यांनी आणि जॉर्ज लिटविन यांनी खुंटीवर कड्या फेकायच्या खेळात हे पाहिलं. यशाची ओढ असणारे बरेचसे मधल्या अंतरावर उभे राहिले. धास्तीवाले मध्ये उभं राहायला तितकेसे राजी नव्हते. अगदी जवळून फेकलं तर चुकायचा प्रश्नच नाही, आणि फार लांबून चुकलं तर कोण नावं ठेवणार?

म्हणूनच ‘तीन महिन्यांत अस्खलित बोलणार’ अशी प्रतिज्ञा ऐकली की मला ती महत्त्वाकांक्षा वाटत नाही. तिच्यात सुटकेची वाट आधीच ठेवलेली असते. ढोबळ हिशेब असा धरा: दहा वेळा केल्यावर सहा-सात वेळा जमेल इतपत अवघड.

## चुकांतून शिकता येतं म्हणतात. मला तर चुकल्यावर नुसतं वाईट वाटतं.

कारण चूक आपोआप काही शिकवत नाही. लॉरेन एस्क्रिस-विंकलर आणि आयलेट फिशबाख यांचे २०१९ मधले प्रयोग यावर चांगला प्रकाश टाकतात. दोनच पर्याय असलेले प्रश्न विचारले. अशा प्रश्नाला ‘बरोबर’ म्हणा की ‘चूक’, मिळणारी माहिती तितकीच असते, कारण एक चूक म्हणजे दुसरं बरोबर. तरीही ज्यांना ‘चूक’ असं सांगितलं गेलं ते कमी शिकले. मन दुखावतं आणि माणूस लक्ष काढून घेतो. दुसऱ्याची चूक पाहताना मात्र ते व्यवस्थित शिकत होते.

इथून एक उपयोगी युक्ती निघते. आपली चूक दुसऱ्या कुणाची असावी तशी लिहा. ‘मला तालच नाही’ हे वाक्य निरुपयोगी आहे. त्यावर काहीच करता येत नाही. ‘तिसऱ्या मात्रेला डावा हात उशिरा पडतो’ यावर उद्या काम करता येतं. चुकांची एक छोटी वही ठेवा आणि तिच्यात विशेषणं लिहायला बंदी घाला.

दुसरं, बरोबर काय ते लवकर कळलं पाहिजे. आणि थोडी आशेची बाब: ज्या उत्तराबद्दल आपण अगदी ठाम होतो आणि तेच चुकलं, ते सुधारल्यावर बहुधा जास्त पक्कं बसतं. ब्रॅडी बटरफील्ड आणि जेनेट मेटकाफ यांनी २००१ मध्ये हे दाखवलं. सगळ्यांत जास्त ओशाळवाणी चूकच सगळ्यांत जास्त लक्षात राहते, हे तसं अनुभवालाही पटणारं आहे. तेव्हा अर्थ बघण्याआधी अंदाज करा, उत्तर उलटण्याआधी लिहून पाहा.

## सरावात फार चुका होतात. पद्धतच चुकते आहे का?

कदाचित पद्धत बरोबर आहे म्हणूनच होत असतील. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगात एका गटाने उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्याने एकाच सत्रात वाचून पुढची तीन सत्रं न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते: त्यांना ८३ टक्के आठवलं, दुसऱ्या गटाला ७१. आठवड्याने चित्र उलटलं. वाचणाऱ्यांचं ४० टक्क्यांवर घसरलं, आठवून लिहिणाऱ्यांचं ६१ राहिलं. अडखळत केलेला सराव त्या वेळी वाईट वाटतो आणि पुढे टिकतो. सुरळीत चाललेला सराव बऱ्याचदा फसवतो.

याला एक अपवाद आहे. तीच चूक त्याच जागी आठवडेच्या आठवडे होत असेल, तर तो चुकीचाच हात बसत चालला आहे. तिथे वेग निम्मा करा किंवा जाणत्याला दाखवा.

## लोक हसतील त्याचं काय?

काही हसतील. पण तुम्हाला वाटतात तितक्यांचं लक्षही नसतं. थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना, घालायला लाज वाटेल असा एका गायकाचा चेहरा छापलेला टी-शर्ट घालून खोलीत पाठवलं. जवळपास निम्म्या लोकांच्या लक्षात येईल असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात सुमारे पाव लोकांच्याच लक्षात आलं.

तरीही जिथे हमखास टिंगल होते ती जागा सोडा. सहनशक्ती दाखवायची ही वेळ नव्हे. नवशिक्यांचा गट शोधा. तिथे सगळेच अडखळतात.

## ऐन वेळी हात कापतात, घसा कोरडा पडतो.

शरीर ॲड्रेनॅलिन सोडतं. ते थांबवायचा आटापिटा करू नका. ‘शांत हो, शांत हो’ असं स्वतःला बजावण्यापेक्षा ‘मला उत्सुकता आहे’ असं म्हणणाऱ्यांनी गाणं, भाषण आणि गणित तिन्हींत बरी कामगिरी केली, असं ॲलिसन वुड ब्रुक्स यांना २०१४ मध्ये आढळलं. धडधडत्या छातीला शांत व्हायला सांगणं अवघड. त्याच धडधडीला उत्सुकता म्हणणं त्यामानाने सोपं.

परीक्षा असेल तर आणखी एक उपाय. जेरार्डो रामिरेझ आणि सियन बायलॉक यांच्या २०११ च्या अभ्यासात, परीक्षेच्या तोंडावर दहा मिनिटं मनातल्या धास्तीबद्दल कागदावर लिहिल्याने घाबरट विद्यार्थ्यांचे गुण सुधारले.

## स्वतःला झापलं नाही तर ढिलाई येईल ना?

हा समज फार घट्ट आहे. ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी २०१२ मध्ये तो तपासला. शब्दसंग्रहाच्या अवघड चाचणीत आपटलेल्यांपैकी ज्यांना स्वतःशी समजुतीने वागायला सांगितलं, त्यांनी पुढच्या चाचणीसाठी जास्त वेळ अभ्यास केला. समजुतीने म्हणजे चूक झाकून नव्हे. चांगला शिक्षक ज्या सुरात ‘हे चुकलंय, पुन्हा कर’ म्हणतो, तो सूर.

## ‘मानसिकता बदला, सगळं जमेल’ असं सगळीकडे वाचायला मिळतं. त्यात तथ्य किती?

थोडं. क्षमता वाढवता येते असं मानणारे अपयशानंतर जास्त टिकून राहतात, ही कॅरल ड्वेक यांची मांडणी गाजली. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे १२,००० नववीच्या विद्यार्थ्यांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अशा विचाराचा तासाभराहून कमी वेळाचा ऑनलाइन पाठ दिल्यावर मागे पडलेल्या मुलांचे गुण सुधारले, पण किंचितच. भिंतीवरच्या सुविचारांकडून याहून जास्त अपेक्षा ठेवू नका. रोजच्या सरावात चूक किती स्वस्त आहे, याचा हिशेब जास्त कामाचा.

## चूक खरोखरच महागात पडणारी असेल तर?

मग भीती बरोबर आहे, तिचं ऐका. गाडी, खोल पाणी, विजेचं काम, आयुष्याची पुंजी. इथे ‘चुका करा, शिका’ म्हणणारा माणूस बेजबाबदार आहे. पण मार्ग तोच: खऱ्या चुकीआधी स्वस्त चुकीची सोय करायची.

विमान उड्डाणाच्या इतिहासात हे लख्ख दिसतं. एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये जमिनीवर बसून उड्डाणाचा सराव करता येईल असं यंत्र तयार केलं, पण बराच काळ त्याला जत्रेतल्या करमणुकीपलीकडे फारसा भाव नव्हता. १९३४ च्या सुरुवातीला अमेरिकी सरकारने टपाल वाहतूक लष्करी वैमानिकांकडे सोपवली. खराब हवेत फक्त यंत्रांकडे बघून उडायची त्यांना सवय नव्हती. काही आठवड्यांतच अनेक वैमानिक मेले, आणि त्याच वर्षी लष्कराने लिंक यांची सहा यंत्रं विकत घेतली. आज इंजिन बंद पडल्यावर काय करायचं हे वैमानिक सिम्युलेटरमध्ये घोकून घेतात. तिथे ‘कोसळलं’ तरी पुन्हा सुरू करता येतं.

तुमच्यासाठी सिम्युलेटर म्हणजे मोकळं मैदान, कमरेएवढं पाणी, वीजपुरवठा तोडलेलं सर्किट, किंवा खरे पैसे न लावता फक्त वहीत मांडलेले गुंतवणुकीचे व्यवहार. आणि शेजारी जाणतं माणूस.

## मी शिकवतो. शिकणाऱ्याची भीती कमी कशी करू?

चूक कळवणं सुरक्षित ठेवा. एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या पथकांचा अभ्यास केला तेव्हा चांगल्या पथकांत औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या दिसल्या. त्या तिथे जास्त होत होत्या असं नाही, लपवल्या कमी जात होत्या असा अर्थ त्यांनी लावला. ज्या वर्गात कुणीच चुकत नाही, तिथे शिकवणाऱ्याने थोडं अस्वस्थ व्हायला हवं.

कौतुकही जपून करा. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांच्या १९९८ च्या अभ्यासात ‘हुशार आहेस’ असं ऐकलेली मुलं पुढच्या अपयशानंतर लवकर ढेपाळली. ‘मेहनत घेतलीस’ असं ऐकलेली टिकून राहिली.

## मदत केव्हा घ्यावी?

भीतीपायी नोकरी, शिक्षण किंवा उपचार नाकारायची वेळ येत असेल, झोप उडत असेल, नुसत्या विचाराने श्वास कोंडत असेल आणि हे महिनोन् महिने चाललं असेल, तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. विचार आणि वर्तन दोन्हींवर काम करणाऱ्या उपचारपद्धती अशा भीतीवर चांगल्या चालतात.

## मध्येच सोडून दिलं तर ते अपयशच ना?

का सोडता त्यावर आहे. आवड संपली, वेळ दुसऱ्या कामाला हवा आहे, हे ठीक. फक्त ज्या दिवशी चुकलात त्याच दिवशी निर्णय घेऊ नका. बरं जमलेल्या दिवशीही सोडावंसं वाटलं तर खुशाल सोडा.

## काही वर्षांपूर्वी सोडलेलं पुन्हा शिकायचं आहे. सगळं शून्यापासून का?

नाही. हर्मन एबिंगहॉस यांनी १८८५ मध्ये निरर्थक अक्षरजुळण्या स्वतः पाठ करून, विसरून, पुन्हा पाठ करून मोजलं होतं: पूर्ण विसरल्यासारखं वाटलं तरी दुसऱ्यांदा शिकायला वेळ कमी लागतो. जिथे सोडलं होतं त्याच्या एक-दोन पायऱ्या खालून सुरुवात करा. पहिले काही दिवस जुनी रेकॉर्डिंग ऐकू नका, जुन्या वह्याही उघडू नका. त्या वेळच्या स्वतःशी तुलना केलीत तर पुन्हा तिथेच अडाल. हात थोडा मोकळा झाला की मग त्या काढा आणि कुठून पुढे जायचं ते ठरवा.